पन्नास नाण्यांची चोरी

१

पट मांडून खेळायचा कोणताही खेळ हा संपत्तीविषयीचा एक विचार असतो. घरे कुणी आखली, फाशाने मिळालेले कुणाच्या पदरात पडते, आणि हरलेल्याने आपल्या हरण्याचा दोष कुणाला द्यायचा, हे नियमांत अगोदरच ठरलेले असते. आपल्या चळवळीतील समीक्षेने कथा-कवितेला, आत्मकथनाला, नाटकाला आणि सिनेमाला 'हे कुणाच्या बाजूने बोलते?' असा प्रश्न विचारला. जी करमणूक आज वस्त्यांतील आणि वसतिगृहांतील पोरांच्या हातात तासन्‌तास असते, तिला मात्र हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. म्हणून एका व्हिडिओ खेळाची समीक्षा मी येथे करीत आहे. या खेळाचे नाव 'मारिओ पार्टी २'.

जपानमधील हडसन सॉफ्ट या कंपनीने तो तयार केला आणि निन्टेंडोने डिसेंबर १९९९ मध्ये 'निन्टेंडो ६४' या यंत्रासाठी बाजारात आणला. त्याचा पहिला भाग बरोबर वर्षभर आधी, डिसेंबर १९९८ मध्ये आला होता. हे यंत्र आता जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या कपाटात गेले आहे. पण २०२२ मध्ये निन्टेंडोने हे दोन्ही भाग आपल्या नव्या यंत्राच्या वर्गणीदारांसाठी पुन्हा उपलब्ध केले, आणि माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही चौघे प्राध्यापक तो खेळलो ते त्यामुळेच. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे स्वस्त 'व्हिडिओ गेम' आले ते बहुतेक निन्टेंडोच्याच आधीच्या यंत्राच्या नकला होत्या. त्यांच्यामार्फत मारिओचे नाव तालुक्याच्या गावापर्यंत पोचले. हा खेळ तेवढा पोचला नाही.

खेळ असा आहे. चार खेळाडू. मारिओ, लुईजी, राजकन्या पीच, योशी, वारिओ आणि डाँकी काँग या सहांपैकी चार सोंगट्या. प्रत्येकाजवळ सुरुवातीला दहा नाणी. एक ते दहा आकड्यांचा फासा. निळ्या घरावर पडलात तर तीन नाणी मिळतात, तांबड्यावर पडलात तर तीन जातात. प्रत्येक फेरीनंतर एक छोटी स्पर्धा होते; कधी चौघे एकमेकांविरुद्ध, कधी दोघांविरुद्ध दोघे, कधी एकाविरुद्ध तिघे. पटावर कुठेतरी एक तारा असतो. तेथे पोचणाऱ्याने वीस नाणी दिली की तारा त्याचा. वीस, पस्तीस किंवा पन्नास फेऱ्यांनंतर ज्याचे तारे जास्त तो जिंकला. इतके साधे. पण या साध्या पटावर पावलोपावली चोरी आहे, आणि ती चोरी सर्वांना हसवण्यासाठी आहे. एका पटावर तर हे सगळे समुद्री चाच्यांचा वेष घालूनच उतरतात.

२

खेळाने चोरीविषयी काय म्हणावे, याला एक जुना इतिहास आहे. तो थोडक्यात सांगितल्याशिवाय या खेळाचे वेगळेपण कळणार नाही.

आपल्याकडचा मोक्षपट घ्या. संत ज्ञानेश्वरांच्या नावावर तो सांगितला जातो. त्याचीच पुढे सापशिडी झाली. शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि वर मोक्ष. यात चोरी हे पाप आहे आणि पाप करणारा खाली घसरतो. पण खेळणाऱ्याच्या हातात काय असते? फक्त फासा. तो पाप करीत नाही, पुण्यही करीत नाही. दान पडेल तेथे जातो, आणि साप गिळतो तेव्हा त्याला सांगितले जाते की हे तुझेच कर्म. कर्मविपाकाचा सिद्धान्त लहान मुलाच्या गळी उतरवण्याचे याहून सोपे साधन मला माहीत नाही. जन्म हा ज्यांच्यासाठी पडलेला फासा होता, त्यांना हजारो वर्षे हेच ऐकवले गेले.

याच्या नेमके उलट काम अमेरिकेत एका बाईने केले. एलिझाबेथ मॅगी तिचे नाव. हेन्री जॉर्ज या विचारवंताचा 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा ग्रंथ १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. जमिनीची किंमत सारा समाज वाढवतो आणि खंड मात्र जमीनमालक खातो, हे त्याचे म्हणणे. मॅगी त्याची अनुयायी होती. हा विचार लोकांना खेळता-खेळता कळावा म्हणून तिने 'जमीनदाराचा खेळ' रचला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे या खेळाचे दोन प्रकारचे नियम झाले. एका प्रकारात एक जण सगळ्यांना भिकेला लावतो, दुसऱ्यात वाढलेल्या संपत्तीचा वाटा सर्वांना मिळतो. दोन्ही खेळून पाहा आणि तुम्हीच ठरवा, असे तिचे सांगणे. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने 'मोनॉपॉली' हा खेळ चार्ल्स डॅरो या गृहस्थाचा शोध म्हणून विकायला काढला. मॅगीचे हक्क पाचशे डॉलरला घेतले आणि तिचे नाव झाकले गेले. सत्तरच्या दशकात राल्फ अन्स्पाख या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने कंपनीशी न्यायालयात झगडा केला तेव्हा हे सारे उजेडात आले. दोन नियमांपैकी भिकेला लावणारा तेवढा जगाने ठेवून घेतला. आपल्याकडे 'व्यापार' म्हणून मुले मुंबई-दिल्ली विकत घेतात तो त्याचाच वंश.

म्हणजे मोक्षपट म्हणतो, चोर हा पापी आहे. मॅगीचा पट म्हणतो, मालकीतच चोरी आहे. 'मारिओ पार्टी २' तिसरीच गोष्ट म्हणतो: चोरी ही गंमत आहे, आणि तिला ठरलेला दर आहे.

३

हा दर काय आहे? पटाच्या एका कोपऱ्यात 'बू' नावाचे पांढरे गोल भूत असते. त्याच्याजवळून जाताना ते विचारते, कुणाचे काही चोरून आणू का? दुसऱ्याची नाणी चोरून हवी असतील तर पाच नाणी द्या. दुसऱ्याचा तारा चोरून हवा असेल तर पन्नास. पैसे मोजले की भूत हसत उडते आणि माल घेऊन येते. ज्याचे गेले तो ओरडतो, बाकीचे हसतात. याशिवाय 'लुटीची पेटी' म्हणून एक वस्तू मिळते, तिने दुसऱ्याजवळची वस्तू हिसकावता येते. एक बँक आहे. तिच्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाच नाणी भरायची, आणि जो नेमका त्या घरावर थांबेल त्याने साठलेली सगळी रक्कम उचलायची. ठेवीदार चार, लाभार्थी एक! आणि 'चान्स टाइम' नावाचा प्रकार तर असा की एका फटक्यात कुणाचेही तारे कुणाच्याही नावावर होऊ शकतात.

या रचनेतील मेख पाहा. तारा बाजारभावाने वीस नाण्यांना मिळतो. चोरीचा तारा पन्नास नाण्यांना. ज्याच्याकडे पंधरा नाणी आहेत तो तारा विकत घेऊ शकत नाही, आणि चोरू तर मुळीच शकत नाही. त्याला परवडते ती किरकोळ नाण्यांची चोरी. मोठी चोरी फक्त त्यालाच परवडते ज्याच्या गाठीला आधीच पन्नास आहेत. शिवाय त्याने स्वतः काही करायचे नसते. हात भूताचे, तारा मालकाचा. खेळणारी पोरे हसता-हसता जे शिकतात ते अर्थशास्त्राच्या पुस्तकात क्वचितच इतके स्पष्ट लिहिलेले असते: मोठ्या चोरीला भांडवल लागते.

खेळाच्या शेवटी आणखी तीन बक्षिसाचे तारे वाटले जातात. एक, छोट्या स्पर्धांत ज्याने सर्वांत जास्त नाणी मिळवली त्याला. दुसरा, ज्याच्या हातात कोणत्याही एका क्षणी सर्वांत जास्त नाणी होती त्याला. तिसरा, प्रश्नचिन्हाच्या घरांवर जो सर्वाधिक वेळा पडला त्याला. आपल्या परिभाषेत सांगायचे तर पहिला तारा गुणवत्तेचा, दुसरा श्रीमंतीचा, तिसरा नशिबाचा. पहिला आणि दुसरा बहुधा एकाच घरात जातात हे सांगायला नको. ज्याच्याकडे नाणी जमली होती त्याला 'तुझ्याकडे नाणी जमली होती' म्हणून तारा! गुणवत्तेच्या नावाने राखीव जागांविरुद्ध जी ओरड आपण वर्षानुवर्षे ऐकतो, तिच्यातील गुणवत्ता याहून फार वेगळी नसते.

तरीही मी या खेळाला खोटारडा म्हणणार नाही. तो एका बाबतीत समाजापेक्षा प्रामाणिक आहे. येथे चोरी चौघांच्या डोळ्यांदेखत होते. कुणी, कुणाचे, किती मोजून नेले ते पडद्यावर दिसते. चोराला कुणी पुण्यवान म्हणत नाही, आणि ज्याचे गेले त्याला कुणी 'हे तुझे पूर्वकर्म' असे सांगत नाही. मोक्षपटाहून हे निश्चितच पुढचे पाऊल आहे.

४

आता हसण्याचा प्रश्न. चोरीवर हसू केव्हा येते?

या खेळात ते येते, कारण चौघांनी दहा-दहा नाण्यांनी सुरुवात केलेली असते आणि चोर कोण असेल हे जन्माने ठरलेले नसते. या फेरीत मारिओ चोर, पुढच्या फेरीत राजकन्या. राजकन्येने चोरी केली तरी ती राजकन्याच राहते. चोरी हे येथे कृत्य आहे. ती कुणाची जात नाही.

आपल्या देशात मात्र चोरी ही जात होती, आणि तसा कायदा होता. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जमातीत जन्मला म्हणून माणूस गुन्हेगार, त्याने हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. कागदावरून नाव गेले. पोलीसपाटलाच्या आणि गावाच्या डोक्यातून ते गेले का, हे पारधी वस्तीवर जाऊन कुणीही विचारावे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या आत्मकथनात चोरी आहे, पण वाचणाऱ्याला तिची गंमत वाटत नाही. कारण तिच्यामागे भूक आहे आणि पुढे पोलिसांचा मार आहे. बूला पन्नास नाणी देणारा आणि पोटासाठी खिसा कापणारा या दोघांना आपण 'चोर' हा एकच शब्द वापरतो, हा भाषेचा दोष नव्हे. भाषेवर ज्यांचे राज्य होते त्यांचा तो हिशेब आहे.

मी पाचवीत असताना वर्गातल्या एका मुलाची कंपासपेटी हरवली. गुरुजींनी चौकशी केली नाही. त्यांनी आमच्या वस्तीतल्या तीन मुलांना उभे केले आणि आमची दप्तरे फरशीवर उपडी केली. माझ्या दप्तरात दोन पुस्तके, एक पाटी आणि भाकरीचे फडके निघाले. पेटी दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्याच घरी सापडली. कुणी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखे काही घडले आहे असे कुणालाच वाटले नव्हते. आमच्या घरात माझ्यापूर्वी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. आईला हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, भाकरी सांडली का? चोरीच्या विनोदावर मनमोकळे हसण्यासाठी, आपल्यावर कधी उगाच आळ येणार नाही, ही खात्री लागते. ती खात्रीही एक प्रकारची संपत्तीच आहे, आणि तिची वाटणी अजून झालेली नाही.

आपल्या साहित्यात लुटीचा आनंद अजिबात नाही असेही नव्हे. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ ची. फकिरा लुटतो तेव्हा वाचकाच्या अंगात वीज संचारते. पण तो दुष्काळात मरू घातलेल्या माणसांसाठी धान्य लुटतो, आणि लुटलेले वाटून टाकतो. त्या लुटीत हरणारा आहे तो धान्य कोंडून ठेवणारा. 'मारिओ पार्टी'त लुटलेले वाटले जात नाही. लुटीचे अनेक प्रकार येथे आहेत, पण वाटण्याचे काम या नायकांपैकी कुणाच्याही वाट्याला दिलेले नाही.

मग वाटणी करतो कोण?

५

वाटणी करतो राक्षस. या खेळातला खलनायक बाऊजर हा शिंगे आणि पाठीवर काटे असलेला अवाढव्य कासव-राजा. त्याच्या घरावर पडलात की तो काहीतरी शिक्षा देतो. नाणी हिसकावतो, खोटी आश्वासने देतो, वगैरे. या शिक्षांपैकी एकीचे नाव आहे 'बाऊजर क्रांती'. तिच्यात तो चौघांची सगळी नाणी एकत्र करतो आणि चौघांना सारखी वाटून देतो.

खेळ रचणाऱ्यांनी हे थट्टेने केले असेल. पण थट्टेत माणूस सहज खरे बोलून जातो. भूताला पैसे देऊन शेजाऱ्याचा तारा पळवणे ही खेळाडूची हुशारी ठरते, आणि सर्वांना सारखे वाटणे हा राक्षसाचा अत्याचार! ज्या गावात महारवाड्यातील माणसाने मजुरी वाढवून मागितली की 'माजलेत' म्हणतात, तेथल्या वाचकाला हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

आणखी बारकाईने पाहा. बाऊजर क्रांतीत नाणी वाटली जातात. तारे वाटले जात नाहीत. ज्याच्याकडे पाच तारे आहेत त्याची नाणी गेली तरी तारे शाबूत राहतात, आणि खेळ जिंकला जातो ताऱ्यांवर. म्हणजे राक्षसाची क्रांतीसुद्धा मूळ मालकीला हात लावीत नाही. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी येथे क्षणभर थांबावे. अनुदान, शिष्यवृत्ती, भरपाई ही नाणी आहेत. ती हवीतच, माझे स्वतःचे शिक्षण शिष्यवृत्तीवर झाले. पण जमीन हा तारा आहे. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये शेतजमीन सरकारच्या मालकीची व्हावी आणि जातपात न पाहता कसणाऱ्यांना मिळावी अशी मांडणी केली, ती नाण्यांच्या वाटणीने भागणार नाही हे ओळखून. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते याच ताऱ्यासाठी. तेव्हापासून आपली मागणी हळूहळू ताऱ्यांकडून नाण्यांकडे सरकत आली आहे, असे मला वाटते. खेळाच्या पटावर हा फरक दहा मिनिटांत कळतो. व्यासपीठावरून तो समजावायला आपल्याला पिढ्या लागल्या.

६

या खेळाची कथा सुरू होते ती एका भांडणाने. मारिओ आणि त्याचे मित्र मिळून एक नवी भूमी उभी करतात, आणि मग तिला नाव कुणाचे द्यायचे यावरून भांडतात. जो तो म्हणतो माझे. तेवढ्यात बाऊजर चालून येतो. त्याचा पाडाव करणारा तो 'सुपर स्टार', त्याचे नाव भूमीला मिळेल, असे ठरते. निन्टेंडोच्या पोरखेळात हे भांडण एका दुपारी मिटते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला, आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळाली, माणसे मेली. जे नाव मागत होते ते त्या भूमीचे उपरे नव्हते. तिच्या विहिरी, वाडे, रस्ते ज्यांच्या हातांनी बांधले त्यांचीच ती मागणी होती. खेळातही सगळे मिळूनच भूमी उभी करतात, पण नाव एकालाच मिळते. ज्यांनी चौघांसोबत घाम गाळला असेल अशा इतरांचा उल्लेखसुद्धा होत नाही.

हातांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मारिओ हा प्लंबर. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स' या खेळात तो आणि त्याचा भाऊ गटारात उतरून लढतात. जगातला सर्वांत प्रसिद्ध गटारात उतरणारा माणूस तो असावा, आणि त्याच्या अंगाला कधी घाण लागत नाही. 'मारिओ पार्टी'च्या पहिल्या भागात काही स्पर्धांत यंत्राची दांडी वेगाने गोल फिरवावी लागे. तळहाताने ती फिरवून अमेरिकेत मुलांच्या हातांना फोड आले, जखमा झाल्या. पालकांनी तक्रारी केल्या. २००० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याच्या कार्यालयाशी कंपनीने तडजोड केली आणि खेळणाऱ्या मुलांना हातमोजे पुरवण्याचे कबूल केले. खेळ तेथे बाजारात आल्यापासून जेमतेम वर्षभरात! ते योग्यच झाले. पण आपल्याकडे हाताने मैला उचलण्याविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये पुन्हा नव्याने करावा लागला, आणि त्यानंतरही माणसे साधनांशिवाय गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. खोट्या गटारातल्या खेळाने ज्यांच्या हाताला फोड आले त्यांना हातमोजे मिळाले. खऱ्या गटारात उतरणाऱ्याचा हात मोजदादीतही येत नाही.

७

या खेळाविषयी माझे मत काय? तो चांगला रचलेला खेळ आहे. तो चौघांना एका सतरंजीवर बसवतो आणि मोठमोठ्याने हसवतो. हे गुण थोडे नव्हेत. ज्याने तो रचला त्याला माणसाच्या लोभाची चांगली ओळख आहे. त्याची मर्यादा एवढीच की सुरुवातीची दहा-दहा नाणी तो गृहीत धरतो. सारी गंमत त्या समतेवर उभी आहे, आणि ती समता कुठून आली याविषयी खेळ एक शब्द बोलत नाही. पटाबाहेरच्या जगात कुणाची सुरुवात दोनशे नाण्यांनी आणि चार ताऱ्यांनी होते, कुणाची उधारीने. नियम मात्र सर्वांना तेच, असे बजावले जाते.

एलिझाबेथ मॅगीने एकटीने, कागद आणि कात्री घेऊन, आपल्या काळातील लूट पटावर मांडली. आपल्यातील विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना ते अशक्य नाही. यंत्र नको, कंपनी नको. पुठ्ठा, रंगीत खडू आणि चिंचोके पुरेत. माझ्या वर्गात या सत्रात मी हे काम मुलांना देणार आहे. पट साधाच असेल, फक्त सुरुवातीची नाणी गावच्या वाटणीप्रमाणे द्यायची. एकाला वतन, एकाला व्यापार, एकाला मजुरी, एकाला काहीच नाही. वीस फेऱ्या खेळायच्या आणि मग चौघांनी मिळून नियम बदलायला बसायचे. कोणता नियम आधी बदलावा यावर जे भांडण होईल, तेच मला वर्गात ऐकायचे आहे.